दहा मिनिटांचा सल्ला

१८३९ साली लंडनमध्ये 'द ईस्ट इंडिया व्हॉयेजर' नावाचं एक पुस्तक निघालं. त्याच्या जोडनावाचा अर्थ साधारण 'परदेशी निघालेल्यांना दहा मिनिटांचा सल्ला' असा होतो. (दहा मिनिटांत काही ते वाचून होत नाही, पण सल्ला देणाऱ्या माणसाची दहा मिनिटं म्हणजे किती हे आपल्याला ठाऊक आहेच!) लेखिका होत्या एमा रॉबर्ट्स. १८२८ मध्ये बहीण आणि लष्करात कॅप्टन असलेले मेव्हणे यांच्याबरोबर त्या बंगालमध्ये आल्या. १८३१ मध्ये बहीण वारली. मग या बाई कलकत्त्याला राहिल्या, वर्तमानपत्रात लिहू लागल्या आणि १८३२ साली इंग्लंडला परतल्या. हिंदुस्थानात राहून, तिथलं ऊन-पाऊस सोसून आलेली बाई. मग नव्याने निघालेल्यांनी सल्ला विचारायचा तो तिलाच.

असा सल्ला देणारं हे काही पहिलं पुस्तक नव्हतं. १८१० मध्ये कॅप्टन थॉमस विल्यमसनचा 'ईस्ट इंडिया व्हेड-मेकम' हा दोन खंडांचा ग्रंथ आला होता. कंपनीच्या नोकरीत शिरणाऱ्या पोरांनी काय घ्यावं, किती नोकर ठेवावे, कशाला किती खर्च येतो, सगळं त्यात होतं. त्याच्याही आधी, १८०२ साली, जॉन गिलख्रिस्टने परक्या माणसाला चटकन हिंदुस्तानी बोलता यावं म्हणून एक पुस्तक काढलं होतं. म्हणजे 'जाताना काय न्यावं' हा साहित्यप्रकार चांगलाच जुना आहे.

त्या काळचं सामान म्हणजे काय प्रकरण होतं बघा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाज यायला चार ते सहा महिने लागत. केबिन मिळायची ती रिकामी. पलंग, टेबल, कपड्यांचं कपाट, हात धुण्याचं भांडं, सगळं प्रवाशाने स्वतः विकत घ्यायचं आणि वादळात घरंगळू नये म्हणून बांधून ठेवायचं. गोडं पाणी मोजकं, त्यामुळे कपडे धुण्याची सोय जवळजवळ नाहीच. म्हणून सदरे न्यायचे ते डझनांच्या हिशेबात. लंडनमध्ये हे सगळं पुरवणाऱ्या दुकानदारांचा एक वेगळा धंदाच उभा राहिला होता, आणि याद्या लांबवण्यात त्यांचा फायदा होता हे सांगायला नकोच.

आमच्या घरातही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा चार-पाच याद्या झाल्या. कुकर, मसाल्याचा डबा, थालीपिठाची भाजणी, क्रोसिनची पाकिटं, आणि शेवटी वजनकाट्यापाशी तेवीस किलोसाठी होणारी झटापट. मला या याद्या वाचायला फार आवडतात. कारण त्या ज्या देशाला निघालो त्याच्याबद्दल थोडं आणि आपल्या भीतीबद्दल बरंच सांगतात.

साहेबाची सगळ्यात मोठी भीती दोन गोष्टींची. ऊन आणि पोटाला बसणारी थंडी. उन्हासाठी सोला टोपी. त्यातल्या 'सोला'चा सूर्याशी काही संबंध नाही. शोला नावाची पाणथळ जागी वाढणारी वनस्पती असते, तिचा गाभा भेंडासारखा हलका, त्याची ती टोपी. बंगालमध्ये नवरदेवाचा मुकुट याच भेंडाचा करतात. इंग्रजांना मात्र ही टोपी म्हणजे चिलखत वाटे. पुढे सुएझ कालवा झाल्यावर पोर्ट सैदला सायमन आर्ट्झच्या दुकानातून टोपी घेणं हा हिंदुस्थानच्या वाटेवरचा एक विधीच होऊन बसला. दुसऱ्या भीतीवर उपाय म्हणजे पोटाला गुंडाळायचा फ्लॅनेलचा पट्टा. पोटाला गारवा लागला की पटकी होते असा समज होता, म्हणून त्याचं नावच 'कॉलरा बेल्ट'. उन्हाळ्यात मुंबईच्या घामात लोकरीचा पट्टा पोटाला बांधून हिंडणाऱ्या माणसांची कल्पना करा!

गंमत म्हणजे यादीतल्या ज्या वस्तू खरंच उपयोगी होत्या त्या का उपयोगी आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मच्छरदाणी न्यायची ती झोप मोडू नये म्हणून. हिवताप डासामुळे होतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत मिळाला तो १८९७ साली. तोवर ती बिचारी जाळी कोणी श्रेय न देता माणसं वाचवत होती. आणि पटकीचे जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात १८८४ मध्ये ओळखून दाखवले, तरी पोटावरचा पट्टा त्यानंतरही कित्येक वर्षं सुटला नाही. एकदा यादीत शिरलेली वस्तू सहजासहजी बाहेर पडत नाही.

याद्यांमधून आणखी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या जाते, ती म्हणजे माणसांबद्दलचं मत. १८८८ साली फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी 'द कंप्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक' लिहिलं. पंजाबात वर्षानुवर्षं संसार केलेल्या स्टीलबाईंचा मेमसाहेबांना आग्रह होता की इथली भाषा शिका. रोज कोठीघर स्वतः बघा, हिशेब ठेवा. सल्ला म्हणून चोखच. पण त्याच पुस्तकात नोकरांना लहान मुलांसारखं वागवा असंही आहे, आणि ऐकेनासा झालेल्या नोकराला एरंडेल पाजण्याचा उपायही आहे! नव्याने आलेली वीस वर्षांची पोर बोटीतून उतरण्याआधीच हे वाचून बसलेली असणार. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला कितीशी जागा उरली असेल? 'तिकडची माणसं कामापुरती' असं आपण आपल्या मुलांना विमानात बसवताना सांगतो, तेव्हा मला हे एरंडेल आठवतं.

परत एमाबाईंकडे येते. पुस्तक छापून झालं आणि त्याच वर्षी बाई स्वतःच पुन्हा निघाल्या. या वेळी फ्रान्स आणि इजिप्तच्या नव्या, जवळच्या वाटेने. मुंबईला गव्हर्नर कार्नॅक यांच्याकडे पाहुण्या म्हणून राहिल्या. १८४०च्या एप्रिलमध्ये साताऱ्याच्या रेसिडेंटकडे गेल्या असताना आजारी पडल्या. हवापालटासाठी पुण्याला आणलं, आणि १६ सप्टेंबर १८४० रोजी त्या पुण्यातच गेल्या. निघणाऱ्यांना सल्ला देणारी बाई, अनुभवी, पूर्ण तयारीची. प्रवासवर्णनाचं तिचं पुस्तक तिच्या मागे, १८४१ मध्ये निघालं. तिला पुरलं ते मारिया जेन ज्यूज्बरी या दुसऱ्या एका इंग्रज लेखिकेच्या जवळ. ही मारिया १८३३ साली पुण्यातच पटकीने गेली होती. वय अवघं बत्तीस.

आता याच समुद्रावरून उलट्या दिशेने निघालेल्या एका मुलीकडे या. तिची गोष्ट आपण सगळे जाणतो, पण मी ती सामानाच्या बाजूने सांगते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. त्यांच्यासाठी मराठीत मार्गदर्शक पुस्तक नव्हतं. आपल्या माणसांनी अमेरिकेबद्दल लिहिलेलं एक चांगलं पुस्तक, पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', आलं ते १८८९ मध्ये.

आनंदीबाईंची तयारी होती ती निश्चयाची. निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि लोकांचे प्रश्न एकेक घेऊन उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? एकटीच का? वाळीत टाकलं तर? त्यांचं म्हणणं असं की मी इथे जशी राहते तशीच तिथे राहीन. पोशाख बदलणार नाही, आहार बदलणार नाही. हे शब्द म्हणजेच त्यांचं सामान. आणि खरं सांगायचं तर समाजाने त्यांच्या यादीत एवढंच तपासलं. धर्म घेतलास का? साडी घेतलीस का? लोकरीचं काय, हे विचारणारं कोण होतं?

नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. अमेरिकेतल्या थंडीत ते निभेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. शब्दही राहिला आणि पायही झाकले. अठरा वर्षांच्या मुलीने एकटीने काढलेली ही तोड मला त्यांच्या पदवीइतकीच मोठी वाटते. पण फिलाडेल्फियाला कॉलेजच्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर कडाक्याची थंडी. तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, वर्षाच्या अखेरीस क्षय घेऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती.

क्षयाचा जंतू कॉखनेच १८८२ मध्ये शोधला होता, त्या निघण्याच्या वर्षभर आधी. त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. तेव्हा ती गोष्ट कोणत्याच यादीत मावणारी नव्हती. शेगडी मात्र मावणारी होती. तिला दोन दिवसांत दुरुस्ती हवी होती आणि ती करून घ्यायला भांडणारं कोणीतरी. परक्या देशात गेलेला माणूस अशा बारीक गोष्टींसाठी भांडत नाही. उपकाराखाली असतो, आपल्या देशाचं नाव राखत असतो, म्हणून सोसतो. आनंदीबाई तर सगळ्या हिंदुस्थानचं नाव राखत होत्या.

तरी त्यांच्याजवळ एक गोष्ट होती जी बाकी कुठल्या यादीत दिसत नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागण्याची वाट बघत असताना त्यांनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रव्यवहार चालला. ज्या बाईला कधी पाहिलं नव्हतं ती मावशी झाली. अमेरिकेतले पहिले काही महिने आनंदीबाई राहिल्या ते त्यांच्याच घरी. माझ्या मते त्यांच्या सगळ्या तयारीत खरी तयारी ही. देश ओळखीचा होता होत नाही, पण एक दार ओळखीचं असलं तर माणूस धूर आणि थंडी निदान कोणाला तरी सांगू शकतो.

मृत्यूनंतर आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत मावशींनी त्यांना आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवलं. दगडावर नाव आहे. इंग्लंडहून सल्ला घेऊन आलेली एमा पुण्यात, आणि पुण्यात गेलेली आनंदी पोकीप्सीत.

तेव्हा याद्या जरूर करा. भाजणी न्या, कुकर न्या. फक्त त्या कागदावर सगळ्यात वर तिथल्या एका माणसाचं नाव आणि पत्ता लिहा, आणि निघण्याच्या आधीच त्याला एक-दोन पत्रं जाऊ द्या.