दम, दमा आणि झडप

‘लई दम लागतो, साहेब.’ नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत हे वाक्य नवं नाही. ‘दम’ फारसीतला, अर्थ श्वास, आणि एका श्वासाएवढा क्षणही. 1948पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात फारसी-उर्दूचा वावर मोठा, पण हा शब्द साऱ्याच मराठीने आपला केला: दम धर, दमदार, बेदम. त्याच कुळातला ‘दमा’. घोटाळा इथेच होतो. दम लागला की दमाच, असं घरात ठरून जातं आणि मूळ कारण हृदयात असलं तर तिकडे लक्षच जात नाही.

असं एक कारण हृदयातल्या ‘व्हॉल्व्ह’मध्ये असतं. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘वाल्वा’, म्हणजे दुपाखी दाराची एक फळी. मराठीने ‘झडप’ निवडली, तीही दार-खिडकीचीच. बोलताना मात्र सगळे ‘वॉल’ म्हणतात. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला वॉल आणि वॉलमन वेगळे सांगायला नकोत. पण नळाचा वॉल माणूस फिरवतो. हृदयातली झडप रक्ताच्या दाबाने आपली आपण उघडते, मिटते. म्हणून मला ‘झडप’च नेमका वाटतो.

डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांच्या झडपेला ‘मायट्रल’ म्हणतात. सोळाव्या शतकात शरीररचनातज्ज्ञ व्हेसॅलियसला ती बिशपच्या दुटोकी टोपीसारखी, ‘मायटर’सारखी दिसली. लहानपणी घसा दुखून पुढे सांधे सुजवणारा ताप आला, तर काही मुलांत या पाकळ्यांच्या कडा हळूहळू एकमेकींना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट दीडच्याही खाली येते. रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं आणि दम लागतो. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं. तोवर काहीच न जाणवलेल्या कित्येक बायकांना हा त्रास तेव्हा पहिल्यांदा कळतो.

झडपेची वाट अशी अरुंद होण्याला डॉक्टर ‘स्टेनोसिस’ म्हणतात. तो शब्द आला ग्रीक ‘स्टेनोस’वरून, म्हणजे अरुंद. ‘झडप आकसली’ म्हटलं की घरच्यांना ते नीट पोचतं. ‘ब्लॉक’ मात्र इथे नकोच. ब्लॉक हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत असतो, तो अँजिओग्राफीत दिसतो. झडपेसाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते. त्याआधी डॉक्टर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून छातीला स्टेथोस्कोप लावतात. दूरच्या जात्यासारखी खोल घरघर ऐकू आली की संशय बळावतो. मग इकोत वाट किती उरली ते मोजतात, आणि फुग्याने ती रुंद करता येईल का, हे पाकळ्यांची अवस्था पाहून ठरतं.