जिन्याची जागा

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'जिना' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेतल्या माणसाने संप, बोनस, फार तर गिरण्यांच्या जमिनी यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. आणि ती वावगीही नव्हती. परंतु आमचा आणि जिन्याचा संबंध संघटनेपेक्षा जुना आहे. आमचे बालपण परळ भागातल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत गेले. त्या खोलीत फळ्यांचा पोटमाळा होता आणि माळ्यावर चढावयास एक शिडी. दिवसा ती खुंटीला आडवी टांगलेली असे, रात्री लावावयाची. आमचे गावाकडचे लोक तिला 'निसण' म्हणत. जिन्याला जुन्या मराठीत 'दादर' असाही शब्द आहे, आणि मुंबईच्या दादरचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. म्हणजे ज्या स्टेशनावर आम्ही आयुष्यभर गाड्या बदलल्या, ते नावानेही जिनाच होय!

१९८२ साली संप झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडिलांचा पगार थांबला. आई आठ-दहा जणांची खानावळ चालवून घर ओढत होती. एका पहाटे माळ्यावरून पिठाचा डबा काखेत घेऊन उतरताना तिची टाच सुटली. उजवे मनगट मोडले. हाताला प्लास्टर होते ते दोन महिने खानावळ बंद, आणि आमची शाळाही त्याच सुमारास सुटली, ती कायमची. शेजारचे एक सुतारकाका होते. त्यांनी शिडी उतरवून पाहिली, वीत लावली आणि म्हणाले, "वहिनी, चूक तुमची न्हाय. पायरीवर निम्माच पाय बसतो. ही चढायची हाय, उतरायची न्हाय." पुढे आम्ही ग्रंथालयांत बसून जे काही वाचले, त्यात हे वाक्य निराळ्या निराळ्या देशांत, निराळ्या शब्दांत आम्हांला पुन्हा पुन्हा भेटले.

पायरीचा हिशेब कागदावर मांडणारा पहिला नामांकित माणूस फ्रान्सवा ब्लाँदेल. पॅरिसला १६७१ साली राजाश्रयाने वास्तुविद्येची अकादमी निघाली, तिचा हा पहिला प्रमुख. त्याची व्याख्याने १६७५ ते १६८३ च्या दरम्यान ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याचा विचार साधा आहे. सपाटीवर चालणाऱ्या माणसाचे पाऊल चोवीस इंच पडते. उभ्या शिडीवर चढताना तोच माणूस एका वेळी बाराच इंच चढतो. तेव्हा उंचीचा एक इंच सपाटीच्या दोन इंचांइतका भारी. म्हणून पायरीची उंची दुप्पट करावी, तीत रुंदी मिळवावी. बेरीज चोवीस आली की जिना पायाला मानवतो. त्याचे इंच फ्रेंच राजाचे. आपल्या मापाने ती बेरीज साडेपंचवीसच्या आसपास भरते. पुढे व्यवहारात चोवीस-पंचवीस धरू लागले, आणि आजही नकाशा काढणारे तेच धरतात. साडेतीनशे वर्षे टिकलेला हा नियम एखाद्या राजवाड्याच्या शोभेवरून काढलेला नसून चालणाऱ्याच्या पावलावरून काढलेला आहे, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते.

आता हा नियम मुंबईच्या खोलीत आणून पाहू. झोपडी चौदा फुटांच्या वर चढवू नये, असा मुंबई महापालिकेचा वर्षानुवर्षे चालत आलेला दंडक प्रसिद्ध आहे. लोक त्या चौदा फुटांत दोन मजले बसवतात. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत सात फूट, म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. सात इंच उंचीची पायरी घेतली तर बारा चढ होतात. बारावा चढ वरच्या जमिनीवरच नेतो, म्हणून पायऱ्या अकरा. प्रत्येकी दहा इंच धरता एकशे दहा इंच, म्हणजे नऊ फूट दोन इंच लांबी. रुंदी अडीच फूट धरा. दहा बाय बाराच्या एकशे वीस चौरस फुटांतले तेवीस फूट जिना खाऊन टाकतो. पाचांतला एक हिस्सा! ज्या घरात एका चटईच्या जागेवरून भांडणे होतात, तेथे हा हिस्सा कोण सोडील? म्हणून बाहेर गल्लीत लोखंडी शिडी येते. ती दोन फुटांत उभी राहते आणि वर जमिनीला पाडलेल्या भोकातून माणूस आत शिरतो. जागा वाचली, हे खरे. ती वाचली कोणाच्या अंगावर, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांचे मॉन्टिसेलो हे घर या प्रश्नाचे फार बोलके उदाहरण आहे. जेफर्सन हौशी वास्तुशास्त्रज्ञ होते. १७८४ ते १७८९ पॅरिसला राहून आल्यावर त्यांनी आपले व्हर्जिनियातले घर मोडून नव्याने वाढवले. मोठे जिने खर्चिक असतात आणि एका चांगल्या खोलीची जागा अडवतात, असे त्यांचे मत. म्हणून त्या प्रशस्त घरात त्यांनी दोन जिने ठेवले ते अवघे चोवीस इंच रुंद, अतिशय चढे आणि भिंतींआड लपलेले. काटकसर म्हणून ही कल्पना उत्तम. पण स्वतः जेफर्सन तळमजल्यावर राहत. त्यांचा पलंग दोन खोल्यांमधल्या कोनाड्यात होता. वर राहत ती मुलगी आणि नातवंडे. पाणी, सरपण, कपडे, रात्रीची भांडी घेऊन त्या दोन फुटी अंधाऱ्या जिन्यावरून दिवसभर जा-ये करणारे लोक गुलाम होते. जेफर्सन यांच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. माणूस जन्मतः समान आहे असे लिहिणाऱ्या हाताने हा जिना आखला. त्याच घरात दारूच्या बाटल्या तळघरातून वर आणण्यासाठी शेकोटीच्या बाजूला लहानसे उचलयंत्र बसवले होते, हेही सांगावयास हवे. बाटल्यांना वाहन मिळाले!

आपण अमेरिकेला हसावयाचे कारण नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिने दिसत. काही ठिकाणी अजून गंजत उभे आहेत. थोड्या जागेत उभा राहणारा याच्याइतका जिना नाही. पाच फुटांच्या वर्तुळात चार मजले चढतात. मधल्या खांबाकडे मात्र पायरीला रुंदीच नसते, आणि हातात ओझे असलेल्या माणसाला कठडा धरता येत नाही. हे जिने होते सफाई कामगारांसाठी. पुढच्या जिन्यावर त्यांची सावली पडू नये, म्हणून प्रत्येक मजल्याच्या संडासापर्यंत त्यांनी मागून चढावयाचे, डोक्यावर काय घेऊन उतरावयाचे ते आम्ही येथे सांगत नाही. हल्ली नव्या घरांतून शोभेसाठी असे गोल जिने करतात. आम्हांला ते पाहून शोभा वाटत नाही. हा आमचा दोष समजावा.

सगळीकडे असेच झाले असे नाही. जपानी व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांतला 'हाको-काइदान', म्हणजे पेटीजिना, आम्हांला या सर्वांत शहाणा वाटतो. जिना चढाच, पण पायऱ्यांखालची पोकळी रिकामी न सोडता तेथे खण आणि कपाटे केलेली. म्हणजे जिना घेतलेली जागा तांदूळ, वह्या आणि कपडे ठेवून परत करतो. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या अरुंद घरांत जिने इतके उभे की सामान त्यावरून जातच नाही. मग त्यांनी घराच्या माथ्यावर तुळई पुढे काढून आकडा लावला आणि पलंग, कपाटे खिडकीतून दोरीने ओढून घेतली. माणसाने जिन्याने जावे, ओझ्याने आकड्याने. ही वाटणी आम्हांला पटते.

जागा वाचवण्याच्या नादात काय होऊ शकते, हे न्यूयॉर्कच्या कामगारांना २५ मार्च १९११ रोजी समजले. ॲश बिल्डिंग नावाच्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा झंपर शिवण्याचा कारखाना होता. कामावर बहुतेक तरुण मुली, पुष्कळशा नुकत्याच इटलीहून आणि रशियातून आलेल्या. इमारतीच्या क्षेत्रफळाच्या मानाने नियमाप्रमाणे जिने तीन हवे होते. बांधले दोन, तेही तीन फुटांपेक्षा अरुंद आणि वळणावळणाचे. तिसऱ्याच्या जागी मागची लोखंडी शिडी मोजून घेतली गेली. आग लागली तेव्हा नवव्या मजल्यावरचे एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. मुलींनी कापडाचे तुकडे चोरून नेऊ नयेत म्हणून ते बंद ठेवत. लोकांच्या भाराने मागची शिडी वाकून कोसळली. १४६ माणसे गेली. कित्येक जणींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. मालकांवर खटला झाला आणि ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात निर्दोष सुटले. रस्त्यावर उभे राहून ही आग पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या एक तरुण बाई होत्या. पुढे न्यूयॉर्कने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात त्यांनी काम केले, आणि १९३३ साली त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. कारखान्यांची दारे, जिने, निघण्याच्या वाटा यांविषयी न्यूयॉर्कमध्ये जे कायदे झाले, त्यांच्या मुळाशी तो न बांधलेला तिसरा जिना आहे. आमच्या शहरात लोखंडी शिडीने चढून पोटमाळ्यावर जरीकाम करणारी, शिवणाच्या यंत्रांवर वाकलेली पोरे आम्ही पाहतो, तेव्हा भोकाकडे नजर जाते आणि दुसरी वाट कोठे आहे ते आम्ही शोधू लागतो. बहुधा ती नसते.

आता थोडे उपायाविषयी. उभ्या जिन्याचे दुखणे सुतारकाकांनी सांगितले तेच: पायरी पुरत नाही. पण पायरीवर एका वेळी दोन्ही पाय ठेवावयाचे नसतात. मग प्रत्येक पायरीचा एक अर्धा भाग कापून टाकला तर? एक पायरी डाव्या पायाची, दुसरी उजव्या पायाची. वरची अर्धी पायरी खालच्या पायाच्या आड येत नाही, म्हणून पायाला दुप्पट जागा मिळते. असे जिने सुतारांनी पूर्वीही केलेले आहेत. परंतु १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील जेम्स लापेर यांनी त्याचा लोखंडी नमुना पेटंट करून कारखान्यांत पोचवला. हे गृहस्थ आमच्या कोकणच्या लोकांना निराळ्या कारणाने जवळचे वाटावेत. पोरवयातच त्यांनी कोलंबी सोलण्याचे यंत्र शोधले होते, रबरी बुटाखाली कोलंबी दाबून पाहताना ती युक्ती सुचली असे सांगतात. त्या किनाऱ्यावर कोलंबी सोलण्याचे काम पूर्वी बायका आणि मुले करीत. बिलॉक्सीच्या कारखान्यांतल्या त्या मुलांची छायाचित्रे लुइस हाइन यांनी १९११ साली, म्हणजे ट्रँगलच्याच वर्षी, काढलेली आहेत. यंत्राने मुलांचे हाल वाचले आणि बायकांची मजुरीही गेली. एकाच डोक्यातून निघालेल्या या दोन वस्तूंपैकी जिन्याविषयी आमचा राग नाही.

आमच्या संघटनेच्या कचेरीतही दप्तरासाठी पोटमाळा आहे, उंची तीच सात फूट. एका सुताराकडून आम्ही तेथे असा जिना करवून घेतला. साडेदहा इंचांचे आठ चढ, पाच-पाच इंच पुढे सरकणाऱ्या सात पायऱ्या. एकूण लांबी पस्तीस इंच, तीन फुटांच्या आत. साध्या शिडीवर पाच इंच पाय टेकला असता, येथे दहा इंच टेकतो. ब्लाँदेलच्या बेरजेलाही हे माप सव्वीस येते, म्हणजे फार सुटत नाही. दोन्ही बाजूंना कठडा घातला. तरुण कार्यकर्ते फाइली घेऊन भराभर चढतात, उतरतात.

पण खरे ते सांगितले पाहिजे. गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज भरावयास येणारे एक वृद्ध विणकर उत्साहाने चढू लागले, त्यांनी उजव्याऐवजी डावा पाय आधी टाकला आणि तिसऱ्या पायरीला दोन्ही पायांची अढी पडून तेथेच अडकले. दोघांनी धरून उतरवले. "काय रे, म्हाताऱ्याला कवायत शिकवतोस?" म्हणाले. त्या दिवसापासून ज्येष्ठांची कागदपत्रे आम्ही खाली टेबलावर ठेवतो. दप्तराला हा जिना चांगला. घरात म्हातारे माणूस, गरोदर बाई किंवा कडेवरचे मूल असेल तर आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

त्या जिन्याचा एक लहान नमुना आम्ही बरोबर आणला आहे. सुताराने तो सागाच्या तुकड्यांचा केला आहे, पण माणसाचे वजन पेलतो. व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ठेवू. ज्यांना चढून पाहावयाचे असेल त्यांनी पादत्राणे काढून, कठडा धरून, पहिला उजवा पाय टाकावा. आणि उतरताना तोंड पायऱ्यांकडे न करता समोर करावे, म्हणजे आमच्या आईला जे साधता आले नाही ते येथे साधते की नाही, हे ज्याचे त्याला कळेल.