पूर काठाचा, हिशोब मंडळाचा



आपल्या वऱ्हाडात दुष्काळांना सालं आहेत. बाहत्तरचा दुष्काळ म्हटलं की घरातली म्हातारी लगेच सुकडी आणि खडी फोडण्याचं काम सांगायला लागते. पुराचं तसं नाही. पूर आला की आपण चार दिवस घरातला चिखल काढतो, भिजलेलं धान्य वाळवतो आणि कामाला लागतो. पावसानं पीक बुडालं तरी त्याला आपण 'ओला दुष्काळ' म्हणतो. तोही शब्द सरकारी नियमावलीत नाही. ही नुसती बोलायची सवय आहे असं समजू नका. नुकसान मोजायची आणि भरपाई द्यायची जी पद्धत आपल्याकडे आली, तीही दुष्काळाकडे पाहूनच बसवलेली आहे. ती कशी, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी आपली नदी पाहू. पूर्णा सातपुड्यात बैतुल जिल्ह्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलडाणा असं करत पुढे तापीला मिळते. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर या नद्या मेळघाटच्या डोंगरातून उड्या मारत येतात. दक्षिणेकडून पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन येतात. मधला पट्टा मात्र सपाट, काळ्या मातीचा. ही माती एकदा फुगली की पाणी पोटात घेत नाही. त्यात पूर्णाच भरून वाहत असली तर नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं वावरात पसरतं. खारपाणपट्ट्यातल्या बायांना हे सांगायला नको. पाऊस डोंगरात पडतो आणि बुडतं आपलं सोयाबीन.

मोठे पूरही आपल्या शेजारानं पाहिले आहेत. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीला महापूर आला आणि काठावरचं मोवाड बुडालं. मोवाड नागपूर जिल्ह्यातलं, पण नदी ओलांडली की आपला वरुड तालुका. दोनशेच्या वर माणसं गेली. अलीकडचं सांगायचं तर जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका रात्रीत सुमारे दोनशे मिलिमीटर पाऊस झाला. वर्षभराच्या पावसाचा चौथा हिस्सा एका रात्रीत. मोर्णेचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं. अशा वेळी पेपरात शहराचे फोटो येतात. नाल्याकाठच्या दोन एकरांचा फोटो कोणी काढत नाही.

आता हिशोबाकडे येऊ. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडानं १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पाहिला. पीक किती आलं हे ठरवायला आणेवारी होती. तिलाच आज आपण पैसेवारी म्हणतो. ती काढतात सगळ्या गावाची मिळून. दुष्काळासाठी हे चालून जातं, कारण पाऊस नाही आला तर तो कोणाच्याच वावरात येत नाही.

पुढे पीक विम्याचा विचार सुरू झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांना भारतातल्या पीक विम्याचे जनक मानतात. त्यांचं म्हणणं असं, की लाखो शेतकऱ्यांचं वावर एकेक करून तपासणं कोणत्याही कंपनीला जमणार नाही. म्हणून एक भाग धरा, त्या भागात पीक कापणीचे प्रयोग करा, सरासरी काढा. सरासरी ठरलेल्या उत्पादनाच्या खाली गेली तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. १९७९ मध्ये या पद्धतीचा प्रायोगिक विमा सुरू झाला. १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना आली, १९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना, आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना. नावं बदलली, पण सरासरीचा पाया तोच राहिला. आपल्याकडे तो भाग म्हणजे बहुतेक मुख्य पिकांसाठी महसूल मंडळ.

दांडेकरांची युक्ती खोटी नव्हती. तिच्यामुळेच लहान शेतकऱ्यापर्यंत विमा पोचला. पण पुराला ती लागू पडत नाही. समजा एका मंडळात शंभर वावरं आहेत. पुरात काठावरची दहा खरडून गेली. उरलेल्या नव्वदांत त्याच पावसानं पीक चांगलं आलं. सरासरी काढली तर मंडळ ठीकठाक दिसतं, आणि त्या दहा जणींच्या हातात काहीच पडत नाही. दुष्काळ सगळ्यांचा असतो, पूर काठाचा असतो.

ही उणीव भरायला २०१६ च्या योजनेत एक सोय होती. वावरात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, मग त्या एका वावराची पाहणी व्हायची. खरीप २०२३ पासून राज्यात विमा एका रुपयात मिळू लागला, तेव्हा पुष्कळ घरांनी अशा तक्रारी केल्या. खरीप २०२५ पासून राज्यानं एक रुपयाचा विमा बंद केला, आणि त्याबरोबर ही वैयक्तिक पाहणीची सोयही काढली. भरपाई पुन्हा कापणी प्रयोगाच्या सरासरीवर आली. नियम असे बदलत असतात. म्हणून दर हंगामात पैसे भरण्याआधी कृषी सहायकाला एक प्रश्न विचारा: "फक्त माझं वावर बुडालं तर या विम्यात काय मिळेल?"

मग काठावरच्या बाईला राहतो तो पंचनामा. विम्याहून वेगळी अशी सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते, आणि तो तुमच्याच वावराचा होतो. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर मदत लागू होते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राचे दर असे: कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, ओलिताला १७,०००, दोन हेक्टरपर्यंत. अल्पभूधारकाची जमीन खरडून गेली तर हेक्टरी ४७,०००. दुधाच्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळीला ४,०००. वाहून गेलेल्या शेळीचाही पंचनामा होतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. मंडळाच्या पर्जन्यमापकावर अतिवृष्टी दिसली नाही, तरी नुकसान नदीच्या पुरानं झालं आहे हे पंचनाम्यात लिहून घ्या.

पण मदत जाते सातबाऱ्यावरच्या नावाला. निंदण आपलं, वेचणी आपली, आणि नाव मात्र सासऱ्याचं किंवा वारलेल्या नवऱ्याचं. वारस नोंद राहिली असेल तर मदत अडकते. मक्त्यानं किंवा बटईनं केलेल्या वावराला कागद नसेल तर मेहनत करणारीला काही मिळत नाही. १९९२ मध्ये राज्य सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली. तिच्यात नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. गटातल्या किती जणींचं नाव लागलं, हे पुढच्या बैठकीत मोजून पाहा.

दुसरं काम इतिहासाचं आहे, आणि ते आपल्याशिवाय कोणी करणार नाही. पूर कुठवर आला होता हे गावातल्या म्हाताऱ्यांना आठवतं. त्यांना विचारून गटाच्या वहीत लिहा: साल, महिना, पाणी कोणाच्या ओट्यापर्यंत आलं, किती दिवस राहिलं, कोणती वावरं बुडाली, कोणाची ढोरं गेली. शाळेच्या भिंतीवर पाण्याची खूण रंगानं काढा, खाली तारीख टाका. पुढचा पूर आला की पंचनाम्याच्या दिवशी ही वही तलाठ्यासमोर ठेवा. नवीन घरकुलाची जागा ठरताना, नाल्यावरचा रस्ता ठरताना ती ग्रामसभेत वाचून दाखवा. जिथं तीनदा पाणी आलं तिथं घर बांधू नका, हे सांगायला तिच्याइतका पुरावा दुसरा नाही.

ही वही १ मेच्या ग्रामसभेआधी सुरू झाली, तर मृगाच्या आत पाच-दहा पूर तरी लिहून होतील.