मूळ रंगाचा पुरावा : जुन्या मोटारींच्या रेघा, काठ आणि चाके यांच्या रंगनिश्चितीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि वास्तू यांची चिकित्सा करण्याची परंपरा आपल्याकडे दृढ आहे. यंत्रयुगातील वस्तूंकडे मात्र त्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन हा तर धनिकांचा छंद म्हणूनच ओळखला जातो. तथापि अशा मोटारीवर नवा रंग चढविण्यापूर्वी जो प्रश्न उभा राहतो, तो निखळ इतिहासाचा प्रश्न असतो : ही वस्तू कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा कशी दिसत होती आणि हे कशाच्या आधारे सांगता येते?

अंगाचा मुख्य रंग ठरविणे तुलनेने सोपे असते. अवघड असतात ते दुय्यम रंग : कमरेवरून जाणाऱ्या पट्टीचा, तिच्यावरील बारीक रेघेचा, चाकांच्या आऱ्यांचा, खिडक्यांच्या चौकटींचा. लुगड्याची ओळख जशी काठावरून पटते, तशी १९२० व १९३० च्या दशकांतील मोटारीची ओळख पुष्कळदा या रंगांवरून पटते. क्षेत्रफळ अल्प असल्यामुळे सर्वप्रथम नष्ट होतात तेही हेच. प्रस्तुत लेखात मुख्यतः फोर्डच्या ‘मॉडेल ए’ या मोटारीच्या आधारे या रंगनिश्चितीचा विचार केला आहे.

बग्गीकडून मोटारीकडे

मोटारीवरील रेघ ही मोटारीची निर्मिती नव्हे. युरोप-अमेरिकेतील घोडागाड्या रंगविणाऱ्या कारागिरांकडून ती वारशाने आली. गाडीचे अंग गडद, चाके व खालचा सांगाडा उजळ आणि आऱ्यांवर, धावेच्या कडेने बारीक रेघा, ही त्यांची रूढ रचना होती. शिशाच्या सफेद्याचे अस्तर, लांबी, दगडाने घासाई, रंगाचे हात, मग रेघा आणि शेवटी वार्निशाचे थर अशा क्रमाने एक गाडी पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. लांब केसांच्या कुंचल्याने रेघ एका दमात ओढली जाई. ती वार्निशाच्या खाली असे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पुढील विवेचनात तिचे महत्त्व आहे.

मोठ्या संख्येने उत्पादन सुरू झाल्यावर ही पद्धत परवडेनाशी झाली. १९०८ मध्ये आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ प्रारंभी लाल, हिरव्या, राखाडी, निळ्या रंगांत मिळत असे. १९१४ पासून १९२५ पर्यंत ती केवळ काळी होती. काळा रंग लवकर वाळतो म्हणून त्याची निवड झाली, हे सर्वत्र सांगितले जाणारे स्पष्टीकरण तपासून घ्यावे असे आहे. स्वस्तपणा आणि टिकाऊपणा ही कारणे अधिक सयुक्तिक वाटतात. शिवाय हा ‘काळा’ एक नव्हता. फोर्डच्या तांत्रिक नोंदींच्या अभ्यासातून तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग पुढे आले आहेत; भागागणिक आणि रंग लावण्याच्या रीतीगणिक त्यांचे मिश्रण वेगळे होते. काळ्याचीच ही कथा, तेथे इतर रंगांचे काय सांगावे!

१९२३ मध्ये द्यू पाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे परिस्थिती पालटली. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीवर ते प्रथम वापरले गेले. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रंग पुन्हा स्वस्त झाला. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ हा स्वतंत्र विभागच स्थापन केला. रंग हे विक्रीचे साधन झाले आणि कारखान्यांना रंगांच्या जोड्या ठरवून, लिहून ठेवाव्या लागल्या. पुनरुज्जीवन करणाऱ्याला आज जी साधने मिळतात, ती या व्यापारी गरजेतून निर्माण झालेली आहेत.

मॉडेल ए : एक उदाहरण

डिसेंबर १९२७ मध्ये सादर झालेल्या ‘मॉडेल ए’च्या आरंभीच्या रंगांत नायगारा ब्लू, अरेबियन सँड, डॉन ग्रे आणि गन मेटल ब्लू यांचा समावेश होता. अंगावर लॅकर आणि मडगार्डांवर भट्टीत भाजलेले काळे इनॅमल अशी दुहेरी व्यवस्था होती. पट्टीवर वेगळ्या रंगाची रेघ असे; १९३०-३१ च्या गाड्यांत टाकोमा क्रीम, ॲपल ग्रीन अशी नावे रेघांसाठी आढळतात. उत्पादन थांबेपर्यंत सुमारे ४८ लाख गाड्या बनल्या. डिअरबॉर्न येथील बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात कंपनीचे अभिलेख जतन केलेले आहेत आणि अमेरिकेतील मॉडेल ए संघटनांनी रंग व रेघा यांची मार्गदर्शक पुस्तके नमुन्यांसह प्रसिद्ध केली आहेत. इतकी समृद्ध साधने फार थोड्या मोटारींच्या वाट्याला आली आहेत.

असे असूनही प्रश्न सुटत नाही. कागदावर रंगाचे नाव असते. नाव म्हणजे रंग नव्हे. छापील नमुन्याचा तुकडा आठ-नऊ दशके पुस्तकात मिटून राहिला तर उजेडाने फिकट होत नाही खरा, परंतु त्यातील तेल वा लॅकर अंधारातही पिवळे पडते. जाहिरातींतील रंगीत चित्रे चित्रकाराने गाडी लांबट आणि झळझळीत दाखविण्यासाठी काढलेली असतात. त्यांना दरबारी बखरीइतकेच प्रामाण्य द्यावे.

छायाचित्राची साक्ष तर उलटीही फिरू शकते. १९२० च्या दशकापर्यंत सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती, तर निळ्याला अतिसंवेदनशील. त्यामुळे तांबडा रंग छायाचित्रात काळा आणि निळा फिकट उमटे. काळ्या अंगावरची शेंदरी रेघ अशा छायाचित्रात दिसतच नाही. ‘छायाचित्रात रेघ नाही, सबब गाडीला रेघ नव्हती’ हे अनुमान म्हणूनच धोक्याचे आहे. फिल्म कोणत्या जातीची होती हे ठरविल्याशिवाय अशा छायाचित्रावरून रंगाविषयी काहीही विधान करू नये.

थरांचे वाचन

उरतो तो प्रत्यक्ष गाडीचा पुरावा. ऊन, पॉलिश आणि हात यांपासून वाचलेल्या जागा शोधाव्या लागतात : दाराच्या अस्तराआड, डॅशबोर्डच्या पाठीमागे, बॉनेटच्या टेकणीच्या पट्टीखाली, धातूच्या पट्टीच्या मागील कडेला. तेथे बारीक पॉलिश कागदाने ओल्या हाताने, बशीसारखा उथळ खळगा पडेल असे घासले असता रंगाचे थर झाडाच्या वलयांप्रमाणे एकाभोवती एक उघडे पडतात. सर्वांत आत धातू, मग अस्तर, मग कारखान्याचा रंग आणि बाहेर पुढील मालकांच्या आवडीनिवडी. दोन थरांमध्ये धूळ किंवा मेणाची रेषा असेल तर मधला काळ गाडी वापरात होती असे समजावे. तिच्या अभावी खालचा थर अस्तर असण्याचाच संभव अधिक. उत्खननातील स्तरविचार तो हाच, फक्त येथे सारा इतिहास मिलिमीटरच्या अंशात सामावलेला असतो.

रंगद्रव्येही काळ सांगतात. फ्थॅलोसायनाइन निळा १९३५ मध्ये बाजारात आला. १९२८ च्या गाडीवरील निळ्या रेघेत तो सापडला तर ती रेघ मागाहूनची आहे, याबद्दल वाद संभवत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या तपासणीत पिवळ्या रेघेत शिसे आणि क्रोमियम एकत्र मिळाले तर लेड क्रोमेट असावे. ते काळवंडत जाते. म्हणून आज डोळ्यांना दिसणारा मातकट पिवळा हा मूळ पिवळा नव्हे.

वार्निशाचा मुद्दा येथे पुन्हा येतो. पिवळ्या पडलेल्या वार्निशाखाली निळी रेघ हिरवी भासते आणि फिकट राखाडी रेघ सायीच्या रंगाची. वार्निशाचा थर दूर न करता जुळणी केली, तर कालमानाने पडलेला डागच ‘मूळ रंग’ म्हणून पुढच्या पिढीच्या हाती जातो. मग त्या गाडीवरून दुसरी गाडी रंगविली जाते आणि चूक परंपरा बनते. हस्तलिखितांच्या पाठपरंपरेशी परिचित असलेल्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

रंग निश्चित झाल्यावरही जुळणी सोपी नाही. युरोपीय संघात २०१५ पासून लेड क्रोमेटच्या वापरावर परवान्याचे बंधन आहे. त्याजागी सेंद्रिय पिवळे वापरावे लागते. दोन द्रव्ये ट्यूबलाइटखाली एकसारखी आणि उन्हात भिन्न दिसू शकतात. दुसरी अडचण दृष्टीची आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी गोबेलिन्सच्या विणकामशाळेतील अनुभवावरून १८३९ मध्ये दाखवून दिले की, रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो. गडद निळ्यावरची दोन-तीन मिलिमीटरची रेघ, त्याच रंगाच्या तळहाताएवढ्या पाटीपेक्षा उजळ वाटते. म्हणून नमुना नेहमी त्याच पार्श्वभूमीवर, त्याच रुंदीत ओढून, दिवसाच्या उजेडात पाहावा. उपकरणाने घेतलेले मोजमाप आधाराला असावे. अंतिम निर्णय मात्र डोळ्यांनीच करावा लागतो.

‘मूळ’ कोणते?

भारतातील गाड्यांच्या संदर्भात आणखी एक गुंता आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. परदेशातून सुटे भाग येऊन येथे जोडल्या गेलेल्या गाडीला अमेरिकेतील रंगपत्रक जसेच्या तसे लावणे सयुक्तिक ठरत नाही. संस्थानिकांनी आपल्या चिन्हांना साजेसे रंग देवविलेल्या गाड्या तर कोणत्याही पत्रकात बसत नाहीत. अशा गाडीवरची ‘चुकीची’ रेघ पुसून ‘बरोबर’ रेघ ओढणे म्हणजे तिचे भारतातील आयुष्य पुसणे होय.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी हे याचे सर्वपरिचित उदाहरण ठरावे. काळे अंग आणि पिवळे छप्पर हे मुंबईच्या टॅक्सीचे रंग आहेत. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. यापुढे एखाद्या संग्राहकाने तशी गाडी घेऊन कारखान्याच्या खाजगी मोटारीच्या एकरंगी छटेत रंगविली, तर मॉडेलच्या इतिहासाशी ती कदाचित सुसंगत होईल, पण त्या गाडीच्या इतिहासाशी नाही. तिच्या बाबतीत पिवळे छप्पर हाच दस्तऐवज आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद, वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, जतनाला पुनर्रंगापेक्षा अग्रक्रम देते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा आग्रह धरते. पेबल बीचच्या प्रदर्शनात २००१ पासून न रंगविलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. चकाकी हीच गुणवत्ता मानणाऱ्या क्षेत्रात हा बदल लहान नव्हे. गाडी रंगविणे अपरिहार्य असेल, तर दाराच्या आतील बाजूस अथवा डॅशबोर्डखाली तळहाताएवढा मूळ भाग, त्यावरील रेघेच्या तुकड्यासह, रंगाविना झाकून ठेवावा आणि त्याची जागा गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावी. नंतरच्या अभ्यासकाला तो तुकडा नव्या उपकरणांनी पुन्हा वाचता येईल आणि आजची जुळणी चुकली असल्यास तेही दाखविता येईल.