१३ डिसेंबर १९३० चा दाखला

२००६ चा वनहक्क कायदा आदिवासींना एक अट घालतो नि आपल्याला दुसरी. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दोघांनीही दाखवायचा. पण आपण पडलो ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण जंगलाच्या आधारानं राहात होतो हेही सिद्ध करायचं. मागं मोजा. तारीख येते १३ डिसेंबर १९३०.

त्या साली आपण कुठं होतो?

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. गावं मालगुजारांची नाहीतर जमीनदारांची. १९२९ ला जगभर मंदी आली, धानाचे भाव कोसळले. लगान मात्र रोखीचा, बंदोबस्तात ठरलेला. भाव उतरला म्हणून तो आपोआप उतरत नव्हता. तेवढ्याच लगानासाठी जास्त धान विकायचं, कमी पडलं की सावकाराची पायरी.

१९३३ ला मध्यप्रांतानं कर्ज-समेटाचा कायदा केला. देशातला असा पहिलाच. मंडळापुढं ऋणको नि सावकारांनी बसायचं, आकडा ठरवायचा, हप्ते पाडायचे. कायदा वाईट नव्हता. पण वाचवायला नावावर जमीन लागते! १९२० च्या कूळकायद्यानं मौरूसी कुळाला आधार दिला, त्याच्याकडून बटईनं कसणाऱ्याला नाही. सालदाराला तर कोणी कूळच म्हणत नव्हतं. (बाबासाहेबांनी १९३७ ला खोतीविरुद्ध बिल मांडलं ते मुंबई इलाख्यात. आमचा प्रांतच वेगळा.)

माझी आजी सांगायची, त्या मंदीत आमची बटई सुटली. आज्यानं जंगलाच्या कडेला झुडपं तोडून बांधी काढली, तिथंच झोपडी घातली. त्याचा कागद कोण देणार? मालगुजाराच्या वहीत त्याचं नाव नाही. जंगलखात्याच्या वहीत असलंच तर गुन्हेगार म्हणून.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. गावठाणातलं घर ज्याचं त्याच्याकडं राहिलं. मालगुजाराचं जंगल सरकारजमा झालं. मालक बदलला, आज्याची बांधी अतिक्रमणातच राहिली.

आता कामाचं. ७५ वर्षं दाखवायची ती राहण्याची. तोच तुकडा ७५ वर्षं कसला पाहिजे असं नाही. पुराव्यांपैकी एकापेक्षा जास्त लागतात, पण सगळे कागदीच हवेत असं २००८ चे नियम म्हणत नाहीत. जुनं घर, विहीर, बांध, मसणवटा चालतो. बंदोबस्ताची मिसल चालते. दंडाची पावती असेल तर तीही जोडा. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं बयान चालतं. एकेकाळी गावच्या सीमेचं भांडण महाराच्या साक्षीवर मिटायचं, त्याला कोणी कागद मागत नव्हतं.

ग्रामसभेचा ठराव विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडं, तिथंही नाही जमलं तर पुढच्या ६० दिवसांत जिल्हा समितीकडं.

१९३० पाहिलेलं माणूस आता जवळपास उरलं नाही. ऐंशी-पंच्याऐंशीचे आहेत, आपल्या लहानपणी कुठल्या झोपडीत कोण राहायचं, त्यांचे आईबाप कुठून आले, हे ते सांगतात. वही घेऊन आधी त्यांच्याकडं जा. शिक्के नंतर बघू.