दारव्ह्याच्या शेतात भेगा पडतात, म्हणजे जमीन खचतेय का?

एप्रिल-मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात काळ्या रानात मोठमोठ्या भेगा दिसतात. बोअर वाढल्यामुळे जमीन खचतेय का, अशी शंका मग येतेच. थोडक्यात उत्तर: या भेगांचं कारण वेगळं आहे. पण पाण्याची काळजी खरी आहे.

जमीन खचते कुठे?

जिथे खाली गाळ आणि चिकणमातीचे जाड थर असतात, तिथे. पाणी उपसलं की हे थर दाबले जातात आणि वरची जमीन खाली बसते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सॅन वॉकिन खोऱ्यात १९२५ ते १९७७ दरम्यान एका ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खाली गेली. दाबलेला थर चांगल्या पावसानंतरही पूर्ववत होत नाही.

मग दारव्ह्यात काय होतं?

इथे मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. हा खडक पाणी उपसल्यामुळे दबत नाही. भेगा पडतात त्या वरच्या काळ्या मातीला. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळेच अशा जमिनीवरच्या घरांच्या भिंतींनाही तडे जातात.

विहीर लवकर भरते, लवकर आटते. का?

बेसॉल्टमध्ये पाणी फक्त फटींत आणि झिजलेल्या भागात साठतं. झिजलेल्या बेसॉल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्केच असतं. वाळूच्या गाळात हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास धरतात.

म्हणजे बेसॉल्टमध्ये फक्त २० मिलिमीटर पाणी मुरलं तरी पातळी सुमारे १ मीटर वर येते. आणि तेवढंच पाणी उपसलं की १ मीटर खाली जाते.

म्हणून ओल्या वर्षी विहीर तुडुंब दिसते, पण ती श्रीमंती वरवरची. खडक भरला की पुढचं पाणी नाल्याने वाहून जातं. एका वर्षाचा जास्तीचा पाऊस पुढच्या कोरड्या वर्षासाठी फारसा शिल्लक राहत नाही.

खोल बोअर हा उपाय आहे का?

खात्रीचा नाही. खोल गेल्यावर खडक घट्ट होत जातो आणि फटी कमी होतात. फट लागली तर पाणी, नाहीतर कोरडा बोअर आणि डोक्यावर कर्ज. शिवाय खोल फटीतलं पाणी पुन्हा भरायला वेळ लागतो.

मग करायचं काय?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हेच गावातही जमतं. दिवाळीच्या सुमारास दोरीला वजन बांधून विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजा, गेल्या वर्षीशी ताडून बघा आणि मगच हरभरा घ्यायचा की गहू हे ठरवा. गव्हाला पाणी जास्त लागतं.

भेग पाऊस पडला की बुजते. कोरड्या बोअरचं कर्ज मात्र पावसाने फिटत नाही.