शंकूचे टोक आणि सम-विषम बहुपदी

ओळ १. (क्ष, य) हे प्रतल घ्या आणि (क्ष, य) व (−क्ष, −य) हे एकच बिंदू माना.

इथे संख्या संमिश्र आहेत. गट सर्वांत लहान: एक घटक काहीच करत नाही, दुसरा चिन्ह पालटतो. प्रत्येक बिंदूला दुसरा जोडीदार मिळतो, फक्त मूळबिंदू स्वतःचाच जोडीदार राहतो. जे काही बिघडायचे ते त्या एका जागी बिघडणार, हे इथेच ठरले.

ओळ २. चिन्ह पालटूनही तशाच राहणाऱ्या बहुपदींचे वलय र हे अ = क्ष², ब = क्ष·य, क = य² यांच्यापासून बनते, आणि अ·क = ब².

अशा बहुपदी म्हणजे सम घातांच्या. अ·क = ब² हा शंकू आहे आणि त्याच्या टोकाला ठरावीक स्पर्शप्रतल नाही. फेलिक्स क्लाइनने विंशतिफलकावरच्या १८८४ च्या पुस्तकात अशा गटांची न बदलणारी रूपे काढली. त्या कुटुंबातले हे सर्वांत धाकटे भावंड. टोकाची भौमितिक उकल जुनी आहे: एकदा ब्लो-अप केला की टोकाच्या जागी एक प्रक्षेपी रेषा येते आणि पृष्ठभाग सर्वत्र गुळगुळीत होतो. अवघड पृष्ठभागांना अनेक ब्लो-अप लागतात, आणि प्रक्रिया थांबते हे सिद्ध करणे हेच खरे काम. धन p लक्षणाच्या क्षेत्रांवर पृष्ठभागांसाठी ते श्रीराम अभ्यंकरांनी १९५६ मध्ये केले. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारणारे हेच अभ्यंकर. हातात बहुपदी धरून गणित करण्याचा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो, आणि पुढच्या ओळी तशाच वाचाव्यात.

ओळ ३. विषम घातांच्या बहुपदी र वर एक मॉड्यूल बनवतात, त्याला व म्हणू. त्याच्या बंधनांची साखळी कधीच संपत नाही.

सम गुणिले विषम म्हणजे विषम, म्हणून व हे र वरचे मॉड्यूल. त्याचे जनक दोन, क्ष आणि य. पण ते स्वतंत्र नाहीत, कारण ब·क्ष = अ·य. अशी सगळी बंधने शोधू. च आणि छ या सम बहुपदी असून च·क्ष + छ·य = 0 असेल, तर च = य·ज आणि छ = −क्ष·ज असेच असावे लागते, आणि इथला ज विषम! म्हणजे व च्या बंधनांचे मॉड्यूल पुन्हा व च. बंधनांची बंधने काढा, पुन्हा व. टोक खडबडीत आहे हे बीजगणित असे सांगते. गुळगुळीत पृष्ठभागावर ही साखळी दोन पायऱ्यांत संपली असती.

ओळ ४. र आणि व एकत्र घेऊन त्यांच्या एंडोमॉर्फिझमांचे वलय घ बनवा. घ वर प्रत्येक साखळी दोन पायऱ्यांच्या आत संपते.

सगळ्या विषयाचा कणा ही ओळ आहे. घ चे घटक म्हणजे २×२ मॅट्रिक्स: कर्णावर सम बहुपदी, कर्णाबाहेर विषम. असे दोन मॅट्रिक्स गुणले तर तोच नमुना परत येतो, पण गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते. घ क्रमनिरपेक्ष नाही. मॉरिस ऑस्लँडरचे प्रमेय सांगते की हे वलय म्हणजे क्ष-य च्या बहुपदींत गटाचे घटक मिसळून झालेले बीजगणितच होय, आणि मूळ प्रतल गुळगुळीत असल्याने तो गुण घ मध्ये उतरतो. र वर न संपणारी साखळी घ वर संपते, कारण ज्या व मुळे ती लांबत होती, तो आता घरातलाच झाला. एकही बिंदू ब्लो-अप न करता टोकाची उकल हाती आली, फक्त ती वलयाच्या रूपात आहे. मिशेल व्हान डेन बर्गने २००४ च्या लेखात अशा वलयांची जी व्याख्या दिली, तिला हे उदाहरण चपखल बसते.

ओळ ५. घ ची सर्वांत साधी निरूपणे मोजा. त्यांतून शंकू निघतो, आणि एक अट घातली की त्याची उकल निघते.

दोन शिरोबिंदू काढा, सम आणि विषम. समकडून विषमकडे दोन बाण, क्ष ने गुणणे आणि य ने गुणणे. परत येताना तसेच दोन. प्रत्येक शिरोबिंदूवर एकमितीय अवकाश ठेवला की बाण चार संख्या होतात: जाताना प, फ, येताना त, थ. क्ष·य = य·क्ष यावरून एकच अट येते, प·थ = फ·त. विषम बाजूचे माप म पटीने बदलले तर प, फ ला म ने गुणावे लागते आणि त, थ ला म ने भागावे लागते. या बदलाने न हलणाऱ्या राशी: अ = प·त, ब = प·थ, क = फ·थ. त्यांतून अ·क = ब² आपोआप येते. शंकू परत मिळाला, टोकासकट.

आता अट घाला: प आणि फ दोन्ही एकदम शून्य नकोत. मग प : फ हे गुणोत्तर प्रक्षेपी रेषेवरचा एक बिंदू ठरवते, आणि प·थ = फ·त मुळे (त, थ) = ल·(प, फ) असा एकच ल उरतो. टोकावर, म्हणजे अ = ब = क = 0 असताना, ल शून्य असतो, पण प : फ काहीही असू शकते. तिथे अख्खी रेषा उघडते. तिचे स्वतःशी छेदन मोजायला अ = ल·प² हे फल घ्या. त्याचे शून्यस्थान म्हणजे ती रेषा एकदा आणि प = 0 हा तंतू दोनदा. फलाच्या शून्यस्थानाचे रेषेशी छेदन शून्य, तंतूचे एक; म्हणून स्वछेदन −२. ब्लो-अपनेही हाच आकडा येतो. एका वलयाने आपल्या निरूपणांतून हा पृष्ठभाग उभा केला, यात मला या विषयाचे खरे सौंदर्य दिसते.

ओळ ६. निश्चयक १ असलेल्या २×२ मॅट्रिक्सांच्या प्रत्येक सांत गटासाठी हेच घडते. क्षुल्लक सोडून प्रत्येक अविभाज्य निरूपणाला उकलीतला एक वक्र मिळतो.

जॉन मकाय यांनी हा मेळ दाखवला. गोन्झालेझ-स्प्रिंबर्ग आणि व्हर्दिए यांनी १९८३ मध्ये त्याला भूमिती दिली. काप्रानोव्ह आणि व्हासेरो यांनी २००० मध्ये तो डिराइव्ह्ड कॅटेगरींच्या समतुल्यतेपर्यंत नेला. विंशतिफलकाचा १२० घटकांचा द्विगट घ्या. त्याची अविभाज्य निरूपणे नऊ, मिती १, २, ३, ४, ५, ६, ४, २, ३. वर्गांची बेरीज बरोबर १२०. क्षुल्लक सोडले तर उरली आठ, आणि त्या टोकाच्या उकलीत वक्रही आठच. मिती नुसत्या मोजदादीपुरत्या नाहीत. मूलभूत सायकलमध्ये प्रत्येक वक्र किती वेळा येतो, ते त्याच्या निरूपणाची मिती सांगते.

ओळ ७. निश्चयक १ नसेल तर निरूपणे जास्त, वक्र कमी.

क्ष आणि य दोन्हींना १ च्या घनमूळाने गुणणारा तीन घटकांचा गट घ्या. बहुपदींचे घाताच्या ३ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीनुसार तीन गठ्ठे पडतात, म्हणून क्षुल्लक सोडून निरूपणे दोन. उकलीत मात्र वक्र एकच, स्वछेदन −३. कोणता गठ्ठा वक्राचा? वुन्रामने १९८८ मध्ये ‘विशेष’ मॉड्यूल वेगळी काढली. चक्रीय गटांत त्यांची खूण सोपी आहे, जनक दोनच. बाकी १ च्या गठ्ठ्याचे जनक क्ष आणि य, तो विशेष. बाकी २ च्या गठ्ठ्याला क्ष², क्ष·य, य² असे तीन लागतात, तो गळतो. बाकी ० आणि बाकी १ एवढेच घेऊन मायकल वेमिस यांचे रिकन्स्ट्रक्शन बीजगणित तयार होते. त्यातून उकल परत बांधता येते, पण साखळी आता दोन पायऱ्यांत संपत नाही. तिसरी पायरी लागते.